ब६ जीवनसत्त्व आणि मज्जापेशींचा मृत्यू

चेन्नईजवळील तांबरम येथे डॉ. चौरी मुथु यांनी १९२८ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडले. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच त्या काळचा उपचार. १९५२ पासून आयसोनियाझिड हे औषध वापरात आले. ते क्षयजंतूंना मारते खरे. परंतु शरीरातील ब६ जीवनसत्त्वाशी संयोग पावून त्यास मूत्रावाटे बाहेर घालविते. हे जीवनसत्त्व तुटले, की मज्जापेशींचे लांब तंतू टोकाकडून झिजू लागतात. पायांस मुंग्या येतात, तळवे जळतात. आधीच कुपोषित असलेल्या रोग्यास हा त्रास विशेष होतो, आणि तो कंटाळून औषधच सोडून देतो. मग क्षय पुन्हा बळावतो. औषधाबरोबर रोज काही मिलिग्रॅम ब६ दिल्यास हे संकट बहुधा टळते. मद्रासच्या क्षयरोग संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात याची कसून पारख केली.

तथापि हेच तारक द्रव्य अतिमात्रेत मारक ठरते. रोज २ ते ६ ग्रॅम ब६ घेणाऱ्या ७ रोग्यांच्या हातापायांची संवेदना नष्ट झाल्याचे १९८३ साली अमेरिकेत नोंदले गेले. प्राण्यांवरील प्रयोगांत तर कण्यालगतच्या संवेदी मज्जापेशीच मृत झालेल्या आढळल्या. या पेशींभोवतीच्या रक्तवाहिन्यांचा अटकाव दुर्बळ असल्याने जादा द्रव्य तेथे सहज शिरते, असे मानतात.