साठवणीतला समुद्र

सुरत हे समुद्राजवळचे शहर. तरीही या शहराच्या आग्नेयेकडील गोडादरा भागात कोणी घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवली, तर तिच्यासाठी लागणारे पाणी समुद्रातून आणून चालत नाही. ते घरीच तयार करावे लागते, आणि तयार केलेले पाणी साठवून ठेवावे लागते. प्रथम ऐकणाऱ्यास ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. डुमसचा किनारा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथून चार डबे भरून आणले म्हणजे काम झाले, असे कोणीही म्हणेल.

परंतु डुमसचा समुद्र हा प्रवाळांचा समुद्र नव्हे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक आपल्या देशात सर्वांत मोठा आहे. दिवसातून दोनदा येणारे ते जोरदार पाणी तळाचा गाळ सतत वर उचलते. त्यात तापीचे गोडे पाणी मिसळते, शहराचे सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात खारेपणा आणखी उतरतो. प्रवाळ व त्याच्या सोबतीने राहणारे मासे यांना निर्मळ आणि एकसारखे पाणी लागते. तेव्हा जवळ समुद्र असूनही गोडादऱ्यातील मनुष्याची स्थिती नागपूरच्या मनुष्यासारखीच असते.

घरी समुद्र करता येतो, याचे कारण काय? ‘चॅलेंजर’ नावाच्या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातील महासागरांची पाहणी केली. त्या सफरीत आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि ते १८८४ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून असे ठरले की, समुद्र कोठे कमी खारा असो, कोठे अधिक. त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ एकच असते. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम सुमारे ३०, सल्फेट ८ टक्क्यांच्या आत, मॅग्नेशियम ४ टक्क्यांच्या आत, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी एका टक्क्याहून थोडे जास्त. स्वयंपाकघरातील मीठ म्हणजे यांतील पहिली दोनच द्रव्ये होत. म्हणून नुसते मीठ पाण्यात घालून समुद्र होत नाही. बाजारात मत्स्यपेटीसाठी जे क्षारमिश्रण मिळते, त्यात ही सर्व द्रव्ये योग्य प्रमाणात घातलेली असतात.

आता पाण्याचा विचार. तापी मुलताईजवळ उगम पावते, खानदेशातून वाहत येते, उकाईच्या धरणात थांबते आणि मग सुरतेच्या नळाला लागते. गोडादऱ्यातील पुष्कळ मराठी कुटुंबेही त्याच वाटेने, खानदेशातून येथे आलेली आहेत. हे पाणी माणसाला पिण्यास योग्य असते ते त्यात जंतुनाशक क्लोरीन ठेवलेला असतो म्हणूनच. तोच क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो. शिवाय नळाच्या पाण्यात आधीचेच काही क्षार असतात. म्हणून आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी घ्यावे लागते. येथे एक खबरदारी हवी. घरगुती आर.ओ. यंत्रात चव येण्यासाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळण्याची सोय बहुधा असते. पिण्यास ती ठीक. समुद्र करावयाच्या पाण्यास नको. टी.डी.एस. मापक लावून पाहावे आणि अंक जितका शून्याजवळ आणता येईल तितका आणावा.

मिसळण्याचाही क्रम आहे. आधी पिंपात पाणी, मग त्यात थोडेथोडे क्षारमिश्रण. उलट कधीही करू नये. क्षारांच्या ढिगावर पाणी ओतले, तर क्षणभर तेथे फार तीव्र द्रावण बनते, त्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतात आणि मग कितीही ढवळले तरी सहज परत विरघळत नाहीत. ज्या द्रव्यांतून प्रवाळ आपला सांगाडा घडवतो, तीच अशा रीतीने वाया जातात. ५० लिटर पाण्याला साधारण १.८ ते २ किलो मिश्रण लागते. नेमके प्रमाण पुडक्यावर दिलेले असते. पिंपात विजेचा लहान पंप सोडून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत फिरवावे, आणि मगच खारेपणा मोजावा. २५ अंश सेल्सिअस तपमानास विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ आले म्हणजे पाणी समुद्राइतके खारे झाले असे समजावे. पंप चालू असताना पाण्यात हात घालू नये. खाऱ्या पाण्याशी विजेचा संबंध धोक्याचा असतो.

येथे कोणी विचारील की, लागेल तेव्हा ताजे पाणी करून ओतावे, साठवणीची यातायात कशाला? याचे उत्तर मत्स्यपेटीच्या जीवनक्रमात आहे. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट साचत जाते, ते कमी करण्यासाठी दर आठवड्यास दहाव्या हिश्शाइतके पाणी बदलण्याची रीत आहे. १५० लिटरच्या पेटीला म्हणजे १५ लिटर. हे नित्याचे काम झाले. परंतु एखादा मासा दगडाआड मरून राहिला, पाणी एकाएकी गढूळ झाले, किंवा पेटीत काही अपायकारक पडले, तर तास-दोन तासांत बरेच पाणी बदलावे लागते. त्या घाईत केलेले पाणी अर्धवट मिसळलेले असते, त्याचे तपमान निराळे असते, खारेपणा निराळा असतो. आणि आधीच खचलेल्या जिवाला हा दुसरा धक्का सोसत नाही. पेटीतील प्राण्यांना उत्तम पाण्यापेक्षाही न बदलणारे पाणी अधिक मानवते. साठवणीचे पिंप ही स्थिरता पुरवते.

पिंप कोणते घ्यावे? अन्नपदार्थांसाठी बनवलेले नवे, जाड प्लॅस्टिकचे, घट्ट झाकणाचे. सुरत हे कापडाचे आणि रंगाईचे शहर आहे. अशा शहरात भंगाराच्या दुकानी निळी पिंपे स्वस्तात मिळतात. पण त्यांत पूर्वी काय भरले होते हे सांगता येत नाही, आणि प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन धुऊन जात नाही. धातूची टाकी किंवा पितळी तोटी तर मुळीच नको. खारे पाणी धातू खाते, आणि तांब्याचा अंशही प्रवाळ, कोळंबी, शंख यांना मारक असतो.

झाकलेले, अंधारात ठेवलेले आणि ज्यात हात किंवा पेटीतील भांडे बुडवलेले नाही असे पाणी सहजी नासत नाही, कारण जंतूंना वाढण्यास त्यात खाद्यच नसते. काही मिश्रणे एका दिवसात वापरावीत असे उत्पादक सांगतात, काही कित्येक आठवडे टिकतात. म्हणून पुडक्यावरील सूचना वाचूनच साठा करावा. पंप रात्रंदिवस चालू ठेवण्याचे कारण नाही. वापरण्यापूर्वी तासभर फिरवून खारेपणा व तपमान पेटीशी जुळवून घ्यावे. पिंपाच्या आत पांढरी साय धरू लागली, तर कॅल्शियम खाली बसत आहे असे ओळखावे आणि पुढच्या खेपेस साठा कमी दिवसांचा करावा. क्षारमिश्रण पावसाळ्यात हवेतील ओल ओढून घेते व दगडासारखे होते. त्याचा डबा हवाबंद असावा.

दोन पाण्यांचा घोटाळा मात्र कधी होऊ देऊ नये. पेटीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात. ती तूट गोड्या पाण्यानेच भरावी. १५० लिटरच्या पेटीतून आठवड्यास ६ लिटर पाणी उडत असेल आणि ती तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर ३५ चा खारेपणा चार आठवड्यांत ४० च्या वर जातो. म्हणून गोड्या पाण्याचे पिंप वेगळे, व त्यावर ठळक अक्षरांत नाव असावे. त्याचे झाकणही घट्ट हवे, कारण डेंग्यूचे डास अशाच साठवलेल्या स्वच्छ गोड्या पाण्यात अंडी घालतात. पेटीतून काढलेले जुने खारे पाणी कुंडीत किंवा बागेत ओतू नये. खाऱ्या पाण्याने जमीन कशी निकामी होते, हे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्यांना सांगणे न लगे.

शेवटी एक गोष्ट. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ सालापासून संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे हा गुन्हा आहे. जामनगरकडील प्रवाळांसाठी १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान करावे लागले. तेव्हा विकत घेण्यापूर्वी जीव कोठून आला याची कागदपत्रे विक्रेत्याकडे मागावीत. ती नसतील तर घेऊ नये. नुसते खाऱ्या पाण्याचे मासे ठेवले तरी पाण्याची तयारी हीच. ज्यास हा छंद आरंभावयाचा आहे त्याने पेटीच्या आधी पिंप आणावे, एक-दोन महिने पाणी करून, साठवून, मोजून पाहावे. तेवढे काम कंटाळा न येता झाले, तरच जिवंत प्राणी घरात आणावा.