नोकरीतील वाटाघाटी : पहिल्या ऑफर लेटरपासून सुरुवात

१. प्रस्तावना

दोन पक्षांच्या अपेक्षा वेगळ्या असतात, पण दोघांनाही एकमेकांची गरज असते. अशा वेळी चर्चेतून दोघांना मान्य होईल असा तोडगा काढण्याच्या प्रक्रियेला वाटाघाट म्हणतात. बाजारातील घासाघीस एका किमतीपुरती असते. नोकरीतील वाटाघाट अनेक बाबींवर होते आणि त्यानंतर त्याच माणसांबरोबर काम करायचे असते.

२. भूमिका आणि गरज

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकात एक महत्त्वाचा फरक मांडला. माणूस जे मागतो ती त्याची भूमिका. ज्या कारणासाठी मागतो ती त्याची गरज. भूमिकांवर अडून बसले की चर्चा खुंटते. गरज पुढे ठेवली की नवे मार्ग दिसतात.

३. उदाहरण : नोएडातील ऑफर

समजा, नागपूरच्या एका विद्यार्थिनीला नोएडातील सॉफ्टवेअर कंपनीने वार्षिक ६ लाख रुपये सीटीसीची ऑफर दिली. म्हणजे दरमहा ५०,००० रुपये. त्यात मूळ वेतन २५,००० रुपये आणि पीएफ मूळ वेतनाच्या १२ टक्के धरू.

• कंपनीचा पीएफ वाटा : ३,००० रुपये
• ग्रॅच्युइटीची तरतूद (४.८१ टक्के) : सुमारे १,२०० रुपये
• तिचा स्वतःचा पीएफ वाटा : ३,००० रुपये

इतर कपाती नसतील तर हाती सुमारे ४२,८०० रुपये येतील. महाराष्ट्रात पगारातून व्यवसाय कर कापला जातो, उत्तर प्रदेशात तो नाही. म्हणून दोन शहरांतील ऑफरची तुलना सीटीसीवर न करता हाती येणाऱ्या रकमेवर आणि तिथल्या खर्चावर करावी.

‘पगार वाढवा’ ही तिची भूमिका झाली. पण तिची खरी अडचण पहिल्या महिन्याची आहे : प्रवास, घराची अनामत रक्कम आणि भाडे आधी द्यायचे, पगार मात्र महिनाअखेरीस. दुसरीकडे, एका तुकडीतील सर्व नवोदितांना सारखे वेतन असेल, तर एकीचाच पगार वाढवणे एचआरला कठीण जाते. पण स्थलांतराचा खर्च, पहिले दोन आठवडे राहण्याची सोय किंवा रुजू होण्याची तारीख यांबाबत त्यांना मोकळीक असू शकते. मागणी तिथे करावी.

४. इतिहासातील दाखला

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा अनेक मागण्यांच्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. १८९० साली सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेनंतर साप्ताहिक सुट्टीची मागणी थेट गिरणीमालक संघापुढे ठेवली गेली. १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

यातून तीन गोष्टी शिकता येतात : मागणी नेमकी असावी, ती लेखी असावी आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापुढे मांडावी. कामगारांमागे एकजुटीचे बळ होते, हेही विसरू नये.

५. एकट्या उमेदवाराचे बळ

फिशर आणि युरी यांच्या मते हे बळ ‘बाटना’तून येते. बाटना म्हणजे वाटाघाट फिसकटली तर आपल्या हाती उरणारा सर्वोत्तम पर्याय. दुसरी ऑफर, उच्च शिक्षणाचा प्रवेश किंवा आणखी काही महिने शोध घेण्याची घरची तयारी, यांपैकी काहीही पर्याय ठरू शकते. नसलेली ऑफर आहे असे मात्र सांगू नये. पडताळणीत खोटे उघडे पडले तर हातातली नोकरीही जाऊ शकते.

६. चर्चेपूर्वीची तयारी

१. नोटीस कालावधी, बाँड, शिफ्ट व परिवीक्षा काळ यांच्या अटी वाचा.
२. सर्वांत महत्त्वाच्या एक-दोन मागण्याच निवडा.
३. प्रत्येक मागणीमागचे कारण एका वाक्यात लिहून काढा.
४. उदाहरणार्थ असे म्हणा : “मला रुजू व्हायची इच्छा आहे. नागपूरहून येत असल्याने पहिले दोन आठवडे राहण्याची सोय होऊ शकेल का?”
५. तोंडी ठरलेले त्याच दिवशी ईमेलने कळवून लेखी होकार घ्या.

नकार आला तर ‘याऐवजी काय शक्य आहे?’ असे विचारा. सही करण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाला जे वजन असते, ते सही झाल्यावर उरत नाही.

स्वाध्याय

वरील उदाहरणात कंपनीने तीन महिन्यांचा नोटीस कालावधी ठेवला आहे. उमेदवाराची व कंपनीची भूमिका आणि गरज वेगवेगळी लिहा व दोघांना मान्य होतील असे दोन पर्याय सुचवा.