काडेपेटी नाही, लायटर नाही! वाळवंटात रानातल्या वाळक्या दांड्यातून निखारा कसा काढतात?

मोबाईलवर अशी एखादी रील तुम्हीही पाहिली असेल. एक माणूस उकिडवा बसलाय, दोन तळहातांत उभी काडी धरून ताक घुसळल्यासारखी फिरवतोय. थोड्या वेळात धूर निघतो, मग निखारा, मग जाळ. ते बघून घरची पोरं अंगणात बसतात, हाताला येईल ती काडी फिरवतात. तळहाताला फोड येतात, काडी गुळगुळीत होते, पण धुराचा पत्ता नाही. शेवटी "व्हिडिओ खोटा आहे" म्हणून उठतात.

व्हिडिओ खोटाच असेल असं नाही. बहुतेक वेळा चूक ताकदीत नसते, काडीत असते. ती कशी, ते समजून घेऊ. आणि हे समजलं की उन्हाळ्यात बांधावर लागणारी आग इतक्या झपाट्यानं का पसरते, तेही कळतं.

ही विद्या कुठली?

काड्या घासून आग काढायची रीत जगात बऱ्याच ठिकाणी होती. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले सान लोक अशीच आग काढतात. इजिप्तमध्ये १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही आग पाडायचं लाकडी साधन निघालं. आपल्याकडे यज्ञात अरणीचं मंथन करून अग्नी काढतात, तेही हेच. तिथं फक्त दोरीनं रवीसारखं घुसळतात.

पण रानातल्या झाडांचे दांडे वापरायची कला बघायची, तर अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला मेक्सिको बघावा. अॅरिझोना राज्य आणि मेक्सिकोत पसरलेलं सोनोरन वाळवंट, त्याच्या पूर्वेला चिवावा वाळवंट. अपाचे आणि इतर आदिवासी जमाती तिथं पिढ्यान्‌पिढ्या अशी आग काढत आल्या. तिथं दिवसा भाजून निघतं आणि हिवाळ्यात रात्री हुडहुडी भरते. त्यामुळे आग म्हणजे ऊब, शिजलेलं अन्न आणि जीव, सगळंच. वॉल्टर हफ या अमेरिकी अभ्यासकानं अशी साधनं गोळा करून त्यावर लिहिलं. आगीवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९२६ साली निघाला.

कोणती झाडं?

तिकडं मुख्यतः तीन-चार झाडं कामाला येतात. युक्का, सोटोल आणि अगेव्ह ही तिन्ही झाडं जमिनीलगत टोकदार पानांचा झुबका धरतात आणि मधून फुलांचा उंच दांडा वर काढतात. चौथं म्हणजे ओढ्याकाठी वाढणारं, सरळ बारीक फांद्यांचं एक झुडूप. त्याच्या फांद्या फिरवायच्या काडीसाठी चांगल्या.

यातलं अगेव्ह तुम्ही रोज बघता. आपल्या बांधावरची घायपात, काही भागात जिला केकताड म्हणतात, ती हीच. जिच्या वाखापासून दोर, कासरे, दावी वळायचे, ती घायपात मूळची मेक्सिकोकडची. अनेक वर्षं ती नुसती पानं वाढवते, मग एकदाच मधून खांबासारखा दांडा काढते, फुलते आणि मरते. दांडा मात्र उभ्या उभ्या वाळतो. वाळवंटातल्या माणसाची नजर अशाच दांड्यावर असते.

बाभळ का चालत नाही?

आपल्याला वाटतं, कठीण लाकूड म्हणजे चांगली आग. चुलीत ते खरं आहे. आग पाडताना उलटं आहे.

लाकूड साधारण २५० ते ३०० अंशांना काळं पडून जळायला लागतं. एवढी उष्णता हातानं तयार करायची आणि ती एका ठिकाणी धरून ठेवायची, हे खरं काम. बाभळीसारखं जड लाकूड फिरवलं तर ते घासून चकचकीत होतं, भुगा पडत नाही. युक्का, सोटोलचा दांडा हलका असतो. आत बारीक पोकळ्या आणि त्यात हवा. त्यामुळे उष्णता पसरून जात नाही, घासलेल्या जागीच राहते. शिवाय दांडा मऊ, म्हणून घासला की बारीक भुगा पडतो. खरा पेट घेतो तो हा भुगा. काडी पेटत नाही, फळीही पेटत नाही.

दांडा कसा निवडतात?

पहिला नियम: झाडावरच उभा वाळलेला घ्यायचा. खाली पडलेला दांडा वरून वाळका दिसला तरी जमिनीची ओल धरतो.

दुसरा नियम: मोडून बघायचा. कट्‌कन आवाज आला तर वाळलाय. नुसता वाकला तर आत ओल आहे. गालाला लावून बघतात, गार लागला तरी ओल समजायची.

तिसरा नियम: नख दाबायचं. खूण उमटली तर दांडा पुरेसा मऊ आहे.

आग निघते कशी?

जाड दांडा उभा चिरून बोटाएवढ्या जाडीची सपाट फळी करतात. फिरवायची काडी करंगळीएवढी जाड, दीड हात लांब आणि सरळ हवी.

फळीच्या कडेजवळ लहान खळगा करून काडी थोडी फिरवतात. खळगा काळा झाला की कडेपासून त्याच्या मध्यापर्यंत पाचरीच्या आकाराची खाच पाडतात. ही खाच विसरली की सगळी मेहनत वाया, कारण भुगा तिथंच साठतो. खाचेखाली एक वाळलं पान किंवा सालीचा तुकडा ठेवतात.

मग फळी पायानं दाबून धरायची आणि काडी तळहातांत फिरवायची. फिरवता फिरवता हात दाबामुळे खाली सरकतात. खाली आले की पटकन वर न्यायचे, पण काडी खळग्यातून उचलायची नाही. सुरुवातीला सावकाश, धूर दिसला की जोरात. भुगा पिवळट असेल तर उष्णता कमी आहे. गडद तपकिरी, काळपट झाला की जवळ आलं समजा. थांबल्यावरही भुग्यातून धूर येत राहिला तर निखारा धरलाय.

हा निखारा ज्वारीच्या दाण्याहून फार मोठा नसतो. वाळलेली साल चोळून, गवताचं घरटं करून त्यात तो हलकेच ठेवतात आणि हळू फुंकर घालतात. घाई केली की विझतो.

आता अंगणातल्या पोरांचं काय चुकलं ते बघा: काडी कठीण होती, ओली होती, किंवा फळीला खाच नव्हती. पावसाळ्यात तर सरावाच्या माणसालाही घाम फुटतो, कारण कोरडा भुगासुद्धा हवेतली ओल ओढतो.

आणि हीच गोष्ट घात करते

ज्वारीच्या दाण्याएवढा निखारा, कोरडी हवा, वाळलं गवत. एवढ्यावर जाळ होतो. मग फेकलेल्या बिडीचं काय होत असेल?

सोनोरन वाळवंटात आज हीच चिंता आहे. तिथं पूर्वी झाडाझुडपांमध्ये मोकळी जमीन असायची, त्यामुळे आग फार पसरत नसे. गेल्या शतकात गुरांच्या चाऱ्यासाठी तिकडं अंजन गवत नेलं. हो, आपल्या माळावरचंच, आफ्रिकेपासून भारतापर्यंत उगवणारं. चारा म्हणून उत्तम, पण तिकडं ते मोकळ्या जागा भरून वाळतं आणि आगीला वाट करून देतं. दीडशे वर्षं जगणारे सग्वारो निवडुंग त्या आगीत होरपळून मरतात. म्हणून तिथले लोक हे गवत हातानं उपटून काढतात.

आपल्याकडे होळी झाली की माळ, बांध, डोंगर असाच कोरडा होतो. कुणाला ही आग काढून बघायचीच असेल, तर मोठ्या माणसासमोर, साफ केलेल्या जमिनीवर, पाण्याची बादली जवळ ठेवून बघा. वारा असेल तर नको. कडब्याची गंजी, गोठा, वाळलं गवत यांच्याजवळ तर अजिबात नको. ओळख नसलेलं झाड वापरू नका, कण्हेर तर नकोच, ती विषारी आहे. घायपातीची हिरवी पानं कापू नका, तिच्या रसानं अंगाला खाज सुटते.

राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर लगेच कळवा. जीवाला धोका असेल तर ११२.

निखारा काढायला वाळवंटातल्या माणसाला हाताला फोड येईपर्यंत राबावं लागतं. म्हणून तो त्याला जपतो आणि उठताना विझवून, राख चाचपून जातो. आपल्याला तो एका काडीत मिळतो. विझवताना मात्र आपणही तेवढीच काळजी घ्यायला हवी.