चारशे मतांचा आमदार

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. अकरावा मतदारसंघ अख्ख्या जिल्ह्याएवढा पसरलेला, पण त्याची मतदारयादी एका लग्नाच्या पंगतीत बसेल एवढी छोटी. विधान परिषदेचा हा स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघ. महापालिकेचे नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य, नगरपालिकांचे नगरसेवक आणि पंचायत समित्यांचे सभापती हे त्याचे मतदार. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना मत नाही.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेतल्या 78 जागांपैकी 22 अशा भरल्या जातात. उरलेल्यांपैकी 30 आमदार निवडतात, पदवीधर आणि शिक्षक 7-7, आणि 12 राज्यपाल नेमतात. अमेरिकेत राज्यांच्या सिनेटवर माणसं थेट जनता निवडते. आपल्या राज्यघटनेने 171व्या कलमात वेगळी वाट धरली. गावोगावचा कारभार पाहणाऱ्यांचा आवाज वरच्या सभागृहात पोचावा, हा त्यामागचा हेतू. कोल्हापुरात पोचला तो आवाज गटांचा, असं माझं मत.

1997 पासून सलग तीन मुदती, म्हणजे अठरा वर्षं, ही जागा महादेवराव ऊर्फ आप्पा महाडिक यांच्याकडे होती. आप्पांचं बळ पक्षाच्या चिन्हात कधीच नव्हतं. ‘गोकुळ’ दूध संघावरची पकड आणि महापालिकेतली ताराराणी आघाडी हे त्यांचे दोन खांब. मतदार चारशेच्या आत असले की प्रचारसभांचा उपयोग नसतो. कोणाला सभापती केलं, कोणाला समितीत घेतलं, कोणाच्या भावाची नोकरी लागली, हाच तिथला जाहीरनामा. मतदानाआधी मतदारांना ‘सहली’वर नेण्याची रीत राज्यभर आहे. ज्यांनी गावाचा कारभार पाहायचा, त्यांनाच आठवडाभर नजरेआड ठेवावं लागतं, यात कोणालाच वावगं वाटत नाही.

2004 मध्ये करवीरमधून सतेज उर्फ बंटी पाटील अपक्ष आमदार झाले, तेव्हा महाडिक त्यांच्या पाठीशी होते. पुढे बिनसलं. 2009 मध्ये कोल्हापूर दक्षिणमध्ये सतेज पाटलांविरुद्ध महाडिकांचे पुतणे धनंजय महाडिक अपक्ष उभे राहिले आणि हरले. 2014 मध्ये पारडं फिरलं. धनंजय महाडिक राष्ट्रवादीकडून खासदार झाले आणि काही महिन्यांनी आप्पांचे चिरंजीव अमल महाडिक यांनी भाजपकडून ‘दक्षिण’मध्ये सतेज पाटलांना पाडलं. आप्पा स्वतः तेव्हा काँग्रेसचे आमदार! एका घरात तीन पक्ष. कोल्हापूरकरांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

नोव्हेंबर 2015 मध्ये महापालिकेचा निकाल लागला. 81 जागांपैकी काँग्रेस 27, ताराराणी आघाडी 19, राष्ट्रवादी 15, भाजप 13, शिवसेना 4, बाकी इतर. लोकांनी तो महापौर कोण होणार या नजरेने पाहिला. खरं तर विधान परिषदेच्या मतदारयादीचा मोठा भाग त्या दिवशी ठरला होता. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि सत्ता सतेज पाटलांच्या गटाकडे राहिली. त्यानंतर काँग्रेसने विद्यमान आमदार महाडिकांना उमेदवारी नाकारून ती सतेज पाटलांना दिली. आप्पा बंड करून अपक्ष उभे राहिले.

डिसेंबरअखेर मतदान झालं. या निवडणुकीत यंत्र नसतं. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने पसंतीचा आकडा लिहायचा, आणि वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त मत मिळवणारा जिंकतो. सतेज पाटलांना 220 मतं पडली, महाडिकांना 157. दोघांची बेरीज 377, म्हणजे 189 मतांना विजय. फरक 63 चा. लोकसभेच्या मानाने हा आकडा किरकोळ. पण ज्यांची एकेका मतदाराशी वर्षानुवर्षांची ओळख, त्यांच्याकडून एवढी माणसं सुटली, तेव्हा जिल्ह्याच्या राजकारणाची कूस बदलली. 2019 मध्ये ‘आमचं ठरलंय’ म्हणत सतेज पाटलांनी आघाडीधर्म बाजूला ठेवला आणि लोकसभेला धनंजय महाडिक पडले. त्याच वर्षी ‘दक्षिण’ सतेज पाटलांचे पुतणे ऋतुराज पाटील यांच्याकडे गेली. मे 2021 मध्ये ‘गोकुळ’च्या 21 पैकी 17 जागा सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ यांच्या आघाडीने जिंकल्या, आणि आप्पांचा दुसरा खांबही गेला.

त्यामुळे 2021 च्या अखेरीस या जागेसाठी सतेज पाटील विरुद्ध अमल महाडिक अशी जंगी लढत होणार, याची जिल्ह्याला खात्री होती. माघारीच्या शेवटच्या दिवशी, 26 नोव्हेंबरला, अमल महाडिकांनी अर्ज मागे घेतला आणि सतेज पाटील बिनविरोध निवडून आले. त्याच फेरीत धुळे-नंदुरबारला भाजपचे अमरीश पटेल बिनविरोध झाले, मुंबईच्या दोन जागाही बिनविरोध. पक्षांनी वरच्या वर वाटणी केली. 2015 ची घोडेबाजाराची चर्चा मला पटत नाही, पण निदान तेव्हा मतदाराला विचारावं तरी लागलं. 2021 मध्ये तेवढीही तसदी कोणी घेतली नाही.

त्याआधीच, नोव्हेंबर 2020 मध्ये, महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक बसला होता. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेचीही तीच गत झाली. मतदारसंघ कागदावर राहिला, मतदारच उरले नाहीत. राज्यात अशा कित्येक जागा या कारणाने रिकाम्या पडल्या, कारण पुरेशा संस्था अस्तित्वात नसतील तर आयोग निवडणूक घेत नाही.

सतेज पाटलांची मुदत जानेवारी 2028 मध्ये संपते. पुढचा आमदार निवडणारे हात तुमच्या प्रभागातले आणि गटातलेच असतील. तुमच्या दारात मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, पाणी, कचरा यांबरोबर हेही विचारा, की विधान परिषदेला तुझं मत कोणाला, आणि का?