सर्वांस चालेल असें थरांचें पुडिंग

विदुरानें धृतराष्ट्रास केलेल्या उपदेशांत मिष्टान्न एकट्यानें खाण्याचा निषेध आहे. अध्यापकाच्या व्यवसायांत असतांना हा भाग आम्हीं कित्येक वर्षें मुलांस शिकविला. परंतु त्याची दुसरी बाजू, म्हणजे सर्वांनीं मिष्टान्न खावें आणि एकानें तेवढें पाहत बसावें हेंही तितकेंच गैर, ही ध्यानांत येण्यास आम्हांस साठी उलटावी लागली. ती कशी ध्यानांत आली तें सांगून मग पाककृतीकडे वळूं.

उन्हाळ्याच्या सुटींत आमचे पुतणे, भाचे, लेकी व नातवंडें पुण्याच्या घरीं जमतात आणि एका वेळीं पंचवीस पानें मांडावीं लागतात. गतवर्षीं एका पुतण्यानें परदेशांतून येतांना फळांच्या जेलीचे पुडे आणिले होते. बिस्किटें, कस्टर्ड व जेली असे थर देऊन मुलींनीं पुडिंग केलें. सर्वांनीं वाहवा केली. आमच्या धाकट्या काकू, वय वर्षें ८४, यांनींही दोन चमचे घेतले. इतक्यांत इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातवानें पुड्यावरील बारीक अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविलीं. त्यांत जिलेटिन होतें; आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्यांचा व हाडांचा अर्क, हें कोणी तरी उत्साहानें स्पष्टही करून सांगितलें. काकूंनीं वाटी खालीं ठेविली. "पोरांनो, तुम्ही खा. माझें पोट भरलें," एवढेंच बोलून त्या हात धुऊन आंत गेल्या.

त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरें वाटलें असतें. त्या रागावल्या नाहींत. परंतु सुटी संपेपर्यंत सूनबाईंनीं केलेल्या एकाही नव्या पदार्थास त्यांनीं हात लाविला नाहीं. "मला ताकभात पुरे," हें उत्तर ठरलेलें. ज्यांनीं आमच्या लहानपणीं आम्हां भावंडांस वाढल्यावांचून स्वतः कधीं घांस घेतला नाहीं, त्यांचें पान आमच्याच घरांत आमच्या अनवधानामुळें सुनें राहिलें. आपल्या देशांतील पुड्यांवर शाकाहारी पदार्थासाठीं हिरव्या चौकटींत हिरवा ठिपका असतो. परदेशी पुड्यावर तो नसतो, तेव्हां त्यावरील घटकांची यादी आधीं वाचणें हें वडीलधाऱ्यांचें काम होतें आणि तें आम्हीं केलें नव्हतें.

यंदा आम्हीं असें ठरविलें कीं, पुडिंग करावयाचें तें काकूंपासून आरंभ करून. म्हणजे त्यांस जें चालत नाहीं तें वगळून उरेल त्यांतूनच पदार्थ रचावयाचा. ही कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें आल्फ्रेड बर्ड नांवाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीस अंडीं सोसत नसत आणि कस्टर्ड तर अंड्यांचेंच होत असे. म्हणून त्यांनीं १८३७ सालीं मक्याच्या पिठाचें बिनअंड्याचें कस्टर्ड सिद्ध केलें. आपल्याकडील शाकाहारी घरांत आज जी कस्टर्डची पूड सर्रास येते, तिचा उगम एका गृहिणीच्या रिकाम्या वाटींत आहे!

जिलेटिनच्या जागीं आम्हीं चायना ग्रास, म्हणजे अगार, योजिलें. हें समुद्रांतील शेवाळापासून निघतें. याची कथाही मनोरंजक आहे. जर्मनींत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत जंतु वाढविण्यास जिलेटिन वापरीत. परंतु उन्हाळ्यांत तें वितळून जाई. तेथें काम करणारे वाल्टर हेस्स यांस त्यांच्या पत्नी फॅनी हेस्स यांनीं १८८१ सालीं अगार सुचविलें. जावा बेटांत राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून त्यांस तें कळलें होतें, आणि उन्हाळ्यांतही न वितळणारीं पुडिंगें त्या त्याचींच करीत. तेव्हांपासून जगांतील जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळांत अगार चालू आहे. जिलेटिन ३० ते ३५ अंश सेंटिग्रेडला वितळतें; अगार एकदां घट्ट झालें म्हणजे सुमारें ८५ अंशांपर्यंत वितळत नाहीं. वैशाखांत पारा ४० च्या घरांत जातो तेथें कोणतें बरें, हें सांगावयास नको.

आतां कृति. पंचवीस माणसांस पुढील साहित्य पुरतें: बिनअंड्याचीं साधीं ग्लुकोज बिस्किटें ४०० ग्रॅम; दूध दीड लिटर; कस्टर्डची पूड ९० ग्रॅम; चक्का १ किलो, म्हणजे सुमारें अडीच किलो दह्याचा; साखर ४५० ग्रॅम; हापूसचा गाळलेला रस ६०० ग्रॅम; अगारची पूड ८ ग्रॅम; वेलदोडा व पिस्ते. थर दिसावेत म्हणून कांचेचीं दोन पसरट भांडीं घ्यावीं.

दही आदल्या रात्रीं स्वच्छ फडक्यांत बांधून शीतकपाटांतच टांगावें. बाहेर टांगल्यास या दिवसांत तें आंबतें. चक्क्यांत पाणी राहिलें तर खालचे थर भिजून लगदा होतो. सकाळीं चक्क्यांत ३०० ग्रॅम साखर व वेलदोडा घालून तो पुरणयंत्रांतून काढावा आणि पुन्हां थंड करण्यास ठेवावा.

सव्वा लिटर दुधांतून एक वाटी थंड दूध काढून त्यांत कस्टर्डची पूड कालवावी. पूड ऊन दुधांत कधींही टाकूं नये. पिठाचा बाहेरचा भाग तत्काळ फुगतो, आंतला कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात. उरलेलें दूध उकळून त्यांत १२० ग्रॅम साखर व हें मिश्रण ढवळत ओतावें आणि चांगल्या उकळ्या फुटूं देऊन दोन मिनिटांनीं उतरावें. निवतांना अधूनमधून ढवळावें, म्हणजे साय धरत नाहीं.

उरलेल्या पाव लिटर थंड दुधांत बिस्किटें बुडवून लगेच काढावीं आणि भांड्याच्या तळाशीं रचावीं. त्यावर कोमट कस्टर्ड पसरून तासभर शीतकपाटांत ठेवावें. तें घट्ट झालें म्हणजे चक्क्याचा थर द्यावा आणि आणखी अर्धा तास थांबावें.

शेवटीं आंबा. रस शीतकपाटांतून आधींच बाहेर काढून ठेवावा. थंडगार रसांत अगार पडलें कीं क्षणांत त्याच्या गांठी होतात. ३०० मिलिलिटर पाण्यांत अगार व राहिलेली ३० ग्रॅम साखर घालून पूड पूर्ण विरघळेपर्यंत दोन-तीन मिनिटें उकळावें, खालीं उतरून त्यांत रस मिसळावा. रस उकळूं नये. त्याचा सुवास जातो. हें मिश्रण कोमट असतांनाच पळीच्या पाठीवरून हळूंच चक्क्यावर सोडावें, म्हणजे थरास खड्डा पडत नाहीं. वर पिस्त्यांचे काप घालून चार तास थंड करावें. त्याच दिवशीं संपवावें हें उत्तम. दुसऱ्या दिवशीं वरच्या थरास पाणी सुटूं लागतें. ज्यांस आंबा मिळत नाहीं त्यांनीं अननस घेण्यास हरकत नाहीं. कच्च्या अननसानें जिलेटिन घट्ट होत नाहीं. अगारास ती बाधा नाहीं.

एका थरास घट्ट होण्यास अवसर दिल्यावांचून दुसरा देऊं नये, हेंच या पदार्थाचें सारें शास्त्र. हाच नियम आम्हांस अन्यत्रही लागू पडला. यंदा सुटी लागतांच आम्हीं काकूंपुढें सर्व पुडे मांडले, हिरवे ठिपके दाखविले, अगारची हकीकत सांगितली. त्यांनीं ऐकून घेतलें आणि "बरें," एवढेंच म्हणाल्या. आमच्या सांगण्यानें त्यांचें समाधान झाल्याचें दिसलें नाहीं. तें सूनबाईंनीं ओळखलें. रात्रीं दही बांधतांना त्या काकूंपाशीं जाऊन म्हणाल्या, "काकू, चक्का तुमच्यासारखा मला जमत नाहीं. तेवढा तुम्हीच बघा." काकू उठल्या. फडकें त्यांनीं स्वतः पिळलें, गांठ स्वतः मारली, आणि सकाळीं साखरही स्वतःच्या हातानें घातली.

दुपारीं पंगतींत पुडिंग वाढलें तेव्हां काकूंची वाटी कोणी भरावी, याचा क्षणभर सर्वांसच संकोच वाटला. काकूंनीं ती आपण होऊन पुढें केली. चार चमचे खाऊन झाल्यावर त्या सूनबाईंकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीं वेलदोडा थोडा कमी घालूं."

पुढच्या वर्षाची ती आज्ञा आम्हीं येथें नमूद करून ठेवीत आहों.