खुर्चीच्या पायथ्याशी

चेन्नईतल्या पेरुंगुडीत दातांच्या दवाखान्याला खरी गर्दी होते ती संध्याकाळी. ओएमआर रस्त्यावरच्या आयटी कंपन्या सुटल्या की गळ्यातलं ओळखपत्रही न काढता माणसं गाल धरून येतात. बारावी झाली होती, बीडीएसला जायचं की नाही हे ठरत नव्हतं. म्हणून ओळखीतल्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मी उभी राहायला लागले. डॉक्टर रुग्णाच्या उजवीकडे, मदतनीस अक्का डावीकडे, मी पायथ्याशी. रुग्ण हो म्हणाला तरच आत यायचं आणि कशालाही हात लावायचा नाही, ही अट.

पायथ्याशी उभं राहून तोंडातलं फारसं काही दिसत नाही. दिसतात रुग्णाचे हात. मूठ आवळली की डॉक्टर थांबतात. वरच्या दाढेचं काम असलं तर त्या दाढेकडे न बघता छोट्या आरशाकडे बघतात. आरशात सगळं उलटं, तरी हात चुकत नाही. हे जमायला कॉलेजातल्या कितीतरी तासिका जातात म्हणे.

रूट कॅनाल बरेच बघितले, बहुतेक खालच्या पहिल्या दाढेचे. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. घरचे तिला दुधाची समजतात, पडेलच म्हणून सोडून देतात, आणि ती कायमची असते. भुलीचं इंजेक्शन देऊन डॉक्टर विचारतात, ‘उदडु मरत्तुपोच्चा?’ ओठ बधिर झाल्याशिवाय पुढे काही नाही. दात कोरणाऱ्या ज्या एअरोटरच्या आवाजाला लोक घाबरतात त्याचं काम लवकर आटोपतं. वेळ जातो फाइलींत. सुईएवढ्या या फाइलींच्या मुठी रंगीत असतात: पांढरी 15 नंबर, पिवळी 20, लाल 25. पंचवीस म्हणजे टोकाशी पाव मिलिमीटर. दाढेत साधारण तीन नळ्या. प्रत्येकीत फाइल फिरवायची, सोडियम हायपोक्लोराइटनं धुवायचं, लांबी तपासायची, पुढची फाइल. बघणाऱ्याला कंटाळा येतो. मला आला. डॉक्टरांना येत नाही, की त्या दाखवत नाहीत, कोण जाणे.

इथल्या इमारतींवर काम करणारा बिहारचा एक मजूर आला तेव्हा मात्र माझा उपयोग झाला. डॉक्टरांचं हिंदी मोडकं, त्याला तमिळ नाही. दाढ दुखते म्हणाला. डॉक्टरांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून दातांत घालायला सांगितलं. जेमतेम एक गेलं. गालाची आतली कातडी पांढुरकी, दोरीसारखी ताठ. सुपारी आणि गुटख्यानं होणारा हा ओरल सबम्युकस फायब्रोसिस. पुढे त्यात कॅन्सर होण्याचा धोका असतो. तमिळनाडूत 2013 पासून, आपल्या महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. त्याच्या खिशात पुडी होती. जिथं एअरोटरच आत जात नाही तिथं दाढेचं काय करणार? डॉक्टरांनी औषध दिलं, मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि गुटखा बंद कर हे माझ्या तोंडून त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याचा प्रश्न एवढाच होता: उद्याचा रोज बुडेल का?

रुग्ण गेल्यावर अक्कांचं काम सुरू होतं. अवजारं घासायची, पुडक्यात बंद करायची, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर वाफवायची. पुडक्यावरच्या खुणेचा रंग बदलला नाही तर पुन्हा. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. दवाखान्यात मला सगळ्यात कडक शिस्त दिसली ती इथं, आणि फीबद्दल कुरकुरणाऱ्या कुणालाही ती दिसत नाही.

अमेरिकेत डेंटल कॉलेजला अर्ज करताना डॉक्टरांसोबत किती तास काढलेत हे विचारतात. आपल्याकडे नीटचे गुण विचारतात, बस. एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस, असं म्हणत मुलं चार वर्षं आणि वर भर इंटर्नशिपचं एक वर्ष अशा कामाला देतात, जे त्यांनी रुग्ण म्हणून खुर्चीत आडवं पडूनच काय ते बघितलेलं असतं. मला हे चूक वाटतं. मी बीडीएसच भरणार आहे. पण तुमच्या घरात कुणी भरणार असेल, तर पसंतीक्रमाची यादी करण्याआधी त्याला गल्लीतल्या डेंटिस्टकडे पाठवा. गर्दीच्या वेळी पाठवा, आणि अवजारं धुवून होईपर्यंत थांबायला सांगा.