लाइन गेली

संध्याकाळचे सात वाजून गेलेत. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आत्याच्या घरी मी कांदाभज्यांच्या तिसऱ्या घाण्यावर आहे, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा हळूहळू दमत थांबतो. मिट्ट काळोख. माझ्या तोंडून पुण्याच्या सवयीनं निघतं, "लाइट गेले." स्वयंपाकघरातून आत्या म्हणते, "लाइन गेली वाटते." आणि भिंतीपलीकडून शेजारणीची हाक येते, "लाइन गोल होगे ओ दीदी!"

आत्या मेणबत्ती घेऊन बाहेर येते. माझ्या 'लाइट'वर तिचा जुना राग आहे. "लाइट म्हणजे दिवा. तो तर तिथंच लटकून राहिला. गेली ती लाइन."

"आत्या, लाइन म्हणजे तार. तारही खांबावरच आहे."

"मग काय गेलं?"

"वीज."

नेमकी त्याच क्षणी बाहेर वीज चमकते, अंगण पांढरं होतं. "ती बघ तुझी वीज," आत्या म्हणते. "कुठं गेली?"

मी गप्प बसतो. तिचं मराठी नागपूरकडचं आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज 1741 मध्ये छत्तीसगडात उतरली, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहू लागले. तेव्हापासून या बाजूला मराठी घरं येत राहिली, आणि त्यांची सोयरीक नागपूरशी टिकली. विदर्भात वीज जात नाही, लाइन जाते. इथंही तसंच. माझ्यासारखा पाहुणा पहिल्याच वाक्यात ओळखू येतो.

"तीन दिवस लाइनीनं पाऊस येऊन राहिला," आत्या कुरकुरते. "लाइनमेनला फोन लाव बरं." मी लावतो. लागत नाही. "त्याची लाइन बिझी असंल," ती म्हणते. आता मोबाइलला कुठली आली तार! पण शब्द चिकटलाय तो चिकटलाय.

छत्री घेऊन मी कोपऱ्यावर जातो. निम्मा मोहल्ला ट्रान्सफॉर्मरखाली जमलाय. या राज्यात कोरबा आहे; एकट्या एनटीपीसीच्या तिथल्या केंद्राची क्षमता 2600 मेगावॉट. ती सगळी वीज या एका खांबापाशी येऊन अडलीय, असा चेहरा करून लोक वर बघतायत. गुपचुपवाल्यानं मात्र गाड्यावर बॅटरीचा दिवा लावलाय आणि धंदा जोरात आहे. पाणीपुरीला इथं गुपचुप म्हणतात. पोरं गर्दी करतात तसा तो ओरडतो, "लाइन से आओ, लाइन से!" आत्याचं 'लाइनीनं' म्हणजे सलग, याचं 'लाइन से' म्हणजे रांगेनं. दोघांनाही रांग आणि सलग हे शब्द ठाऊक आहेत, गरज मात्र पडत नाही.

माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उभे आहेत. ते विचारतात, "आप किस लाइन में हैं?"

"लिखने-पढ़ने की."

"अच्छा," ते म्हणतात, आणि थोडं थांबून, "वो भी ठीक है."

त्यांच्या बोलण्यात लाइन म्हणजे धंदा, आणि बोलता बोलता ती लोहमार्ग होते. मुंबई-हावडा ही बडी लाइन. आणि छोटी लाइन म्हणजे रायपूरहून धमतरीला जाणारी, 1900 साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची गाडी. अभनपूरला तिचा एक फाटा राजिमकडे वळायचा. शहरातले तिचे रूळ उचलले गेले, त्या जागेवर स्टेशनपासून एक्स्प्रेस-वे झाला. काका अजून पत्ता सांगताना "छोटी लाइन के पास" म्हणतात. जी नाही, तिच्याजवळ राहणारी माणसं!

लाइनमेन येतो, रेनकोटातून पाणी निथळतंय. टॉर्च वर मारून निदान करतो, "डीओ गिरा है. पहले लाइन बंद करवाता हूँ, फिर चढ़ूँगा." डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज. गेलेली लाइन आणण्यासाठी आधी ती बंद करायची. जमलेल्यांपैकी कुणालाच यात काही विचित्र वाटत नाही, आणि तसं ते नाहीही: घरातली लाइन म्हणजे वीजपुरवठा, लाइनमेनची लाइन म्हणजे अकरा हजार व्होल्टची तार. महाराष्ट्रात सरकारी कागदावर याच माणसाला 'तारमार्गतंत्री' असं भारदस्त नाव आहे, महावितरण त्याला 'जनमित्र' म्हणते. पावसात भिजत त्या नावानं हाक मारून बघा.

प्रतिशब्द वाईट नसतात, मी त्यांच्यावरच जगतो. याच तात्यापाऱ्यात माधवराव सप्रे राहिले. मराठी घरातला हा माणूस हिंदीचा संपादक झाला, 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या विज्ञान शब्दकोशासाठी अर्थशास्त्रातल्या इंग्रजी शब्दांना हिंदी शब्द शोधण्याचं कामही त्यांनी केलं. तिथं एका शब्दाला एक शब्द लागतो. 'लाइन'ला मात्र मराठीत रांग, ओळ, रेघ, तार, मार्ग, पेशा असे अर्धा डझन लागतात, आणि तरीही ट्रान्सफॉर्मरखालच्या गर्दीत समोरच्या गच्चीकडे बघत केस सावरणारा एक पोरगा जे करतोय, ते त्यातल्या एकानंही सांगता येत नाही. मागून छत्री घेऊन आलेली आत्या ते एका नजरेत ओळखते. "लाइन मारून राहिला मेला. अंधारातसुद्धा!"

लॅटिनमध्ये 'लाइन'चं मूळ जवसाच्या सुताशी जातं. मी आत्याला ते सांगतो. छत्तीसगडात उभ्या धानातच जवस फेकून पेरतात, उतेरा म्हणतात त्या पद्धतीला. तेव्हा तिला कौतुक वाटेल अशी माझी अपेक्षा. ती म्हणते, "जवसाची चटणी आहे घरी. भज्यांसंगं खाल्ली असती तू, पण लाइन गेली ना."

लाइनमेन खाली उतरतो, फोनवर काहीतरी बोलतो. दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग एकदम पूर्ण गल्ली उजळते आणि पोरं नाचत ओरडतात, "आगे! आगे!" मी चमकून पुढं बघतो. पुढं काहीच नाही. छत्तीसगढीत 'आगे' म्हणजे आली.